रक्तवाहिनीतील कॅथेटरजन्य जंतुसंसर्गाचा प्रतिबंध : परिचारिकेच्या अधिकाराच्या अंगाने एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या हाताला 'सलाईन' लावलेली असणे हे दृश्य आज इतके परिचित झाले आहे की, त्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हातावरील शिरेत घातलेली आखूड नळी आपण सर्वांनीच पाहिलेली असते. अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णाच्या मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून थेट हृदयालगतच्या मोठ्या नीलेपर्यंत जी लांब नळी नेली जाते, तिला 'सेंट्रल लाइन' असे म्हणतात. या नळीवाटे औषध, रक्त, अन्नरस असे सर्व काही देता येते. त्याच वाटेने जंतूही आत जातात. त्वचा ही शरीराची पहिली तटबंदी मानली, तर कॅथेटर हे वैद्यकाने स्वतःच्या हाताने त्या तटबंदीला पाडलेले भगदाड होय. या वाटेने रक्तात शिरलेला जंतू मूळ आजारापेक्षाही घातक ठरू शकतो.

हा संसर्ग कसा टाळावा याची माहिती वैद्यकशास्त्राला बऱ्याच आधीपासून होती, परंतु ती अमलात येण्यास फार उशीर झाला. हा उशीर का झाला, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. नवी औषधे, नवे प्लॅस्टिक, नवी जंतुनाशके यांचे या इतिहासातील स्थान निर्विवाद आहे. तथापि डॉक्टरचे चुकत असताना त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नाचे उत्तर बदलल्याशिवाय संसर्गाचे आकडे खाली आले नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. व्यवहारात हे उत्तर परिचारिकेच्या रूपाने मिळाले. म्हणून हा इतिहास तिच्या बाजूने पाहिला आहे.

व्हिएन्नाचा पूर्वानुभव

कॅथेटरच्या आधीची एक घटना येथे विचारात घेणे आवश्यक आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्या विभागात सुईणी काम करीत. १८४६ मध्ये पहिल्या विभागात बाळंतिणींचे मृत्यूचे प्रमाण ११.४ टक्के होते, तर दुसऱ्या विभागात ते २.८ टक्के होते. शवविच्छेदन करून आलेले हात हेच याचे कारण असल्याचे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण वैद्यकाने ओळखले. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. तरीही १८४९ मध्ये सेमेलवाइसच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही आणि त्याचे म्हणणे वरिष्ठांनी दीर्घकाळ मान्य केले नाही.

या प्रसंगाची चर्चा सामान्यतः उपेक्षित प्रतिभावंताची शोकांतिका म्हणून केली जाते. त्यात एक गोष्ट मात्र झाकली जाते. अधिक सुरक्षित विभाग सुईणींचा होता, आणि डॉक्टरांना हात धुण्यास भाग पाडण्याचा कोणताही अधिकार त्या सुईणींकडे नव्हता. सेमेलवाइस होता तोपर्यंत त्याच्या धाकाने हात धुतले गेले. त्याच्यामागे ती शिस्त टिकवून धरील अशी व्यवस्था निर्माण झाली नाही.

एबर्सवाल्डे, १९२९

हृदयापर्यंत नळी नेण्याचा इतिहास बर्लिनजवळील एबर्सवाल्डे या गावातील एका छोट्या रुग्णालयात सुरू होतो. तेथील वेर्नर फोर्समान हा नवशिका डॉक्टर त्या वेळी जेमतेम पंचविशीत होता. हाताच्या शिरेतून नळी सरकवत नेल्यास ती हृदयात पोहोचेल आणि रुग्णाला इजाही होणार नाही, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेची उपकरणे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात होती. फोर्समानने तिचे मन वळवले. प्रयोग आपल्यावरच करावा, अशी तयारी तिने दाखविली. फोर्समानने तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवून बांधले, तिच्या हाताला जंतुनाशक लावले, आणि तिचे लक्ष नसताना स्वतःच्या डाव्या हाताची शीर उघडून त्यातून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी लांब नळी आत सारली. त्यानंतर तिला मोकळे करून, नळी तशीच ठेवून, तो तिच्यासह जिना उतरून क्ष-किरण विभागात गेला. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचल्याचे चित्र त्याने तेथे मिळवले.

फोर्समानला १९५६ मध्ये आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. डिट्झेनचे नाव या कथेतील एक गमतीदार तपशील म्हणूनच उरले. कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. पण समोर चाललेले थांबवण्याच्या वेळी तिचे हात बांधलेले होते. पुढील सत्तर वर्षे अतिदक्षता विभागांतील परिचारिकांची अवस्था यापेक्षा फार वेगळी नव्हती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

प्लॅस्टिकचे युग आणि उशिरा आलेली जाग

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी सुईची जागा लवचिक प्लॅस्टिकच्या नळीने घेतली. १९५२ मध्ये रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गळपट्टीच्या हाडाखालील नीलेत सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगरने सुईतून तार, आणि तारेवरून नळी, ही आजही वापरात असलेली युक्ती मांडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण पोषण शिरेवाटे देता येते हे सिद्ध केले, तर १९७० मध्ये स्वान व गान्झ यांचा फुगा असलेला कॅथेटर आला. तासाभरासाठी घातली जाणारी सुई आता दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे शरीरात राहू लागली.

जंतूंना इतका अवधी मिळाल्यावर व्हायचे तेच झाले. १९६०च्या दशकात शिरेतील प्लॅस्टिक नळ्यांवर जंतू वाढतात आणि त्यातून रक्तदोष होतो, असे सांगणारे लेख अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. परंतु गंभीर आजारी माणसाला ताप येणारच, ही समजूत इतकी घट्ट होती की, अशा तापाची चौकशी क्वचितच होई. जुलै १९७० ते एप्रिल १९७१ या काळात अमेरिकेतील २५ रुग्णालयांत ३७८ रुग्णांच्या रक्तात एकाच प्रकारचे, एरवी दुर्मीळ असे जंतू आढळले. शोध घेता घेता तपास सलाईनच्या बाटलीच्या झाकणापर्यंत पोहोचला. झाकणाच्या आतील अस्तर बदलण्यात आले होते आणि त्या नव्या अस्तराखाली जंतू वाढत होते. झाकण काढून पुन्हा लावले की ते द्रवात उतरत. अशा बाटल्या अखेर बाजारातून परत घेण्यात आल्या.

दूषित बाटल्यांइतकाच, किंबहुना अधिक बोलका भाग म्हणजे मधले महिने होत. प्रत्येक रुग्णालयाला आपल्याकडील दोन-चार रुग्ण हा नेहमीचाच प्रकार वाटला. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकत्र ठेवले गेले तेव्हाच साथ दिसली.

मोजणीचा काळ

संसर्ग टाळायचा तर आधी तो मोजला पाहिजे, आणि मोजण्यासाठी वॉर्डावॉर्डातून फिरणारी व्यक्ती हवी. इंग्लंडमधील टॉर्बे येथील रुग्णालयाने १९५९ मध्ये केवळ जंतुसंसर्ग-नियंत्रणासाठी एका परिचारिकेची नेमणूक केली. अशा प्रकारची ती पहिली नेमणूक मानली जाते. त्या काळी अनेक डॉक्टरांना हे आपल्या कामावर ठेवलेले पाळतीचे डोळे वाटले, आणि एका अर्थाने ते तसेच होते. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने रुग्णालयीन संसर्गावर राष्ट्रव्यापी अभ्यास हाती घेतला. ज्या रुग्णालयांत सुसंघटित देखरेख आणि दर २५० खाटांमागे किमान एक संसर्ग-नियंत्रण परिचारिका होती, तेथे सुमारे एक तृतीयांश संसर्ग टळू शकले, असे त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग 'अटळ' नसून 'टाळता येण्याजोगा' आहे, हा या इतिहासातील वैचारिक बदल येथून स्पष्टपणे दिसू लागतो.

प्रयोगशाळेतही प्रगती होत होती. १९७७ मध्ये डेनिस माकी व सहकाऱ्यांनी काढलेल्या कॅथेटरचा तुकडा जंतुवाढीच्या बशीवर लोळवून जंतूंच्या वसाहती मोजण्याची सोपी पद्धत दिली. पंधरा किंवा अधिक वसाहती दिसल्यास नळी दूषित समजावी, असा हा दंडक होता. याच माकींनी १९९१ मध्ये ६६८ कॅथेटरांवर तीन जंतुनाशकांची तुलना केली. दर १०० कॅथेटरांमागे स्थानिक संसर्गाचे प्रमाण पोव्हिडोन-आयोडीनच्या गटात ९.३, अल्कोहोलच्या गटात ७.१, आणि क्लोरहेक्सिडीनच्या गटात अवघे २.३ होते. क्लोरहेक्सिडीन हे काही नवे द्रव्य नव्हते. ते १९५०च्या दशकापासून उपलब्ध होते. १९९४ मध्ये ह्यूस्टन येथील इस्साम राद व सहकाऱ्यांनी नळी घालताना टोपी, मास्क, निर्जंतुक अंगरखा, हातमोजे आणि रुग्णाचे संपूर्ण शरीर झाकणारी निर्जंतुक चादर वापरल्यास काय होते, हे तपासले. केवळ हातमोजे व लहान चादर वापरलेल्या गटात संसर्ग सुमारे सहापट अधिक होता.

म्हणजे १९९४ पर्यंत जवळजवळ सर्व काही ठाऊक होते. हे ज्ञान खर्चिकही नव्हते. तरीही पुढील दहा वर्षांत जगातील बहुसंख्य अतिदक्षता विभागांत आयोडीन, लहान चादर आणि घाई हेच चालू राहिले.

जॉन्स हॉपकिन्स आणि मिशिगन

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशात वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा त्यातील अंदाज होता. या वातावरणात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील अतिदक्षतातज्ज्ञ पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी मार्गदर्शक सूचनांच्या जाड पुस्तकातून पाचच गोष्टी उचलल्या. हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, संपूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे, आणि गरज संपताच नळी काढणे. यांत नवीन असे काहीच नव्हते. कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याने परीक्षेत त्या बिनचूक लिहिल्या असत्या.

नवीन होते ते पुढचे पाऊल. परिचारिकांना सांगण्यात आले की, डॉक्टर नळी घालीत असताना तुम्ही फक्त पाहा आणि नोंद करा. तेव्हा असे आढळले की, सर्व पायऱ्या जवळपास दोन तृतीयांश वेळाच पाळल्या जात होत्या. जगातील अग्रगण्य मानल्या गेलेल्या रुग्णालयातील ही स्थिती होती. यामागे केवळ बेफिकिरी नव्हती. नळी घालण्यासाठी लागणारे साहित्य तब्बल आठ ठिकाणांहून गोळा करावे लागे. रात्री अडीच वाजता रक्तदाब घसरलेल्या रुग्णासमोर उभा असलेला निवासी डॉक्टर मोठी चादर शोधायला जाणार नाही, हे उघड आहे. म्हणून सर्व साहित्य एकाच ढकलगाडीत ठेवण्यात आले. त्यानंतर प्रशासनाने परिचारिकांना असा अधिकार दिला की, डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्यांनी काम तेथेच थांबवावे. यावरून वाद झाला तर प्रशासन परिचारिकेच्या पाठीशी उभे राहील, हेही जाहीर करण्यात आले.

या आश्वासनाचे महत्त्व समजण्यासाठी वॉर्डातील उतरंड डोळ्यांसमोर आणावी लागते. डॉक्टरला टोकणे हे परिचारिकेच्या शिकवणुकीत कधीच नव्हते. डॉक्टरचा शब्द झेलणे होते. प्रोनोव्होस्ट यांच्या सूचनेला सुरुवातीस दोन्हीकडून विरोध झाला. डॉक्टरांना सर्वांदेखत चूक दाखविली जाणे अपमानास्पद वाटे, तर डॉक्टरांवर पहारा करणे हे आपले काम नव्हे, असे परिचारिकांना वाटे. रुग्णाला इजा होत असताना गप्प राहावे काय, असा साधा प्रश्न विचारल्यावर मात्र कोणाकडेच उत्तर नसे. या विभागात १९९८च्या पहिल्या तिमाहीत दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे ११.३ संसर्ग होते. दहा रुग्णांच्या शरीरात शंभर दिवस नळी राहिली तर १,००० कॅथेटर-दिवस होतात, असा हा हिशेब आहे. २००२च्या अखेरच्या तिमाहीत हा आकडा शून्यावर आला.

एका रुग्णालयातील यश हे तेथील माणसांचे असू शकते, ही शंका रास्त होती. म्हणून मिशिगन राज्यातील रुग्णालय-संघटनेच्या सहकार्याने २००३ मध्ये 'कीस्टोन' प्रकल्प सुरू झाला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. १०३ अतिदक्षता विभाग आणि ३,७५,७५७ कॅथेटर-दिवस इतका त्याचा आवाका होता. संसर्गाचा सरासरी दर ७.७ वरून सोळा ते अठरा महिन्यांनंतर १.४ वर आला, आणि मध्यक २.७ वरून शून्यावर. प्रत्येक विभागासाठी रुग्णालयातील एक वरिष्ठ प्रशासक नेमून त्याने महिन्यातून एकदा प्रत्यक्ष वॉर्डात यावे, अशी अट होती. वॉर्डात आल्यावर या प्रशासकांना कळले की, ज्या क्लोरहेक्सिडीनवर इतका भर दिला जातो, ते एक तृतीयांशाहूनही कमी विभागांत उपलब्ध आहे. ही उणीव भरून काढणे पैसा हाती असलेल्या माणसाला सहज शक्य होते. पण त्याला ते आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

श्रेय कोणाचे?

२००७ मध्ये या प्रकल्पावर एक अनपेक्षित संकट आले. रुग्ण व डॉक्टर यांची रीतसर संमती न घेता हे मानवी संशोधन करण्यात आले, असा आक्षेप अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने घेतला. डॉक्टरने हात धुतले की नाही याची नोंद ठेवणे हे संशोधन की व्यवस्थापन, असा हा पेच होता. फेब्रुवारी २००८ मध्ये कार्यालयाने काम पुढे चालू ठेवण्यास मोकळीक दिली. संशोधन-नीतीच्या अभ्यासकांनी हा प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे.

या वादाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या लेखकांमध्ये शल्यचिकित्सक अतुल गावंडे अग्रभागी होते. त्यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. उमरखेडचे महाविद्यालय त्यांच्या आजी गोपिकाबाईंच्या नावाने चालते. डिसेंबर २००७ मधील त्यांच्या लेखामुळे आणि २००९ मधील 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' या पुस्तकामुळे 'चेकलिस्ट' हा शब्द वैद्यकाबाहेरही पोहोचला. तथापि त्यातून एक गैरसमजही पसरला. कागदावर पाच ओळी छापून भिंतीवर लावल्या की संसर्ग थांबतो, असे अनेक प्रशासकांना वाटू लागले. वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ मेरी डिक्सन-वूड्स यांनी २०११ मध्ये मिशिगनच्या यशाची चिकित्सा केली. समव्यावसायिकांचे जाळे, परस्परांच्या आकड्यांची तुलना, आणि संसर्ग ही आपणच सोडवावयाची सामाजिक समस्या आहे ही जाणीव, यांवर त्यांनी बोट ठेवले. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात 'मॅचिंग मिशिगन' नावाने असाच कार्यक्रम राबविण्यात आला. तेथे प्रौढांच्या विभागांतील दर ३.७ वरून १.४८ पर्यंत उतरला. मात्र ही घसरण कार्यक्रमात सामील होण्यापूर्वीच सुरू झालेली दिसली. म्हणजे कागदाला सर्व श्रेय देता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते यामुळे मिशिगनचे महत्त्व कमी होत नाही. कागदापेक्षा तो हातात धरणारीच्या मागे कोण उभे आहे हे पाहावे, एवढेच यातून दिसते.

भारतीय संदर्भ

भारतातील आकडे दीर्घकाळ उपलब्धच नव्हते. २००७ मध्ये सात शहरांतील १२ अतिदक्षता विभागांचा, १०,८३५ रुग्णांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर १,००० सेंट्रल लाइन-दिवसांमागे ७.९२ संसर्ग आढळले. हा आकडा मिशिगनच्या प्रारंभीच्या सरासरीशी जवळजवळ जुळतो. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देखरेखीचे जाळे उभे राहिले. त्यातील २६ रुग्णालयांच्या ८९ विभागांची २०१७-१८ मधील माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लेबसिएला या जंतूचे त्यातील प्राबल्य चिंताजनक आहे, कारण अनेक प्रबळ प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. उपचारच उरत नसतील तेथे प्रतिबंध हा पर्याय राहत नाही, तो एकमेव मार्ग असतो.

काही अडचणी आपल्याकडील परिस्थितीशी निगडित आहेत. अनेक ठिकाणी सलाईनची बाटली अर्धवट ताठ प्लॅस्टिकची असते. द्रव उतरू लागला की आत पोकळी निर्माण होते आणि थेंब थांबतात. मग बाटलीच्या बुडाला सुई टोचून हवेला वाट करून दिली जाते. त्या हवेबरोबर वॉर्डातील जंतूही आत जातात. अर्जेंटिनात व्हिक्टर रोझेंथल व माकी यांनी केलेल्या अभ्यासात अशा बाटल्यांऐवजी आपोआप आकसणाऱ्या बंद पिशव्या वापरल्यावर रक्तसंसर्गाचा दर ६.५२ वरून २.३६ वर आल्याचे २००४ मध्ये दिसून आले. किमतीतील थोड्या फरकासाठी बाटली निवडणाऱ्या खरेदी समित्यांनी हे आकडे पाहिले असतील काय?

दुसरी अडचण रुग्णाच्या बाजूची आहे. ग्रामीण महाराष्ट्रात 'सलाईन लावली की ताकद येते' ही समजूत खोलवर रुजलेली आहे. तोंडाने पाणी पिऊ शकणारा रुग्णही स्वतःहून सलाईनची मागणी करतो आणि ती न लावणारा डॉक्टर कमी प्रतीचा ठरतो. जी नळी घातलीच नाही तिच्यातून संसर्ग होत नाही, हा प्रतिबंधाचा पहिला नियम येथे दवाखान्याच्या दारातच मोडतो.

तिसरी आणि मूळ प्रतिपादनाशी निगडित अडचण अधिकाराची आहे. २०१५ पासून 'कायाकल्प' योजनेखाली शासकीय रुग्णालयांची स्वच्छता तपासली जाते, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग-प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कागद आपल्याकडे कमी नाहीत. परंतु एका पाळीत अनेक गंभीर रुग्ण सांभाळणारी, बरेचदा कंत्राटी नेमणुकीवरील 'सिस्टर' 'सर, हातमोजे बदला' असे वरिष्ठ डॉक्टरला म्हणू शकेल काय, आणि म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूने कोण बोलेल, याचे उत्तर त्या कागदांत मिळत नाही. कोविडच्या काळात हीच बाब श्रीमंत देशांतही उघडी पडली. अमेरिकेत २०२०च्या शेवटच्या तिमाहीत सेंट्रल लाइनच्या संसर्गाचे प्रमाण आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले. जंतुनाशक तेच होते, यादीही तीच होती. नळीकडे पाहण्यास परिचारिकेला उसंत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये रक्तवाहिनीतील कॅथेटरांमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाच्या प्रतिबंधासाठी आपली पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला भाग सेंट्रल लाइनवर नाही. तो हातावरच्या साध्या, आखूड नळीवर आहे. ती आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातही लावली जाते आणि बहुतेक वेळा परिचारिकाच लावते. ती का लावली, केव्हा लावली आणि आज तिची गरज आहे काय, हे रोज विचारले जावे, अशी त्यात अपेक्षा आहे. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत या तीन प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहिली जातात की नाहीत, हा महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल असा अभ्यासविषय आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन आणि वॉर्डात उभे राहण्याची परवानगी पुरते.